शांतामावशींच्या गाण्याची परवानगी

फजिती माझी आहे, तेव्हा हसा, पण जरा तोंडावर हात ठेवून! पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की शांतामावशी सही करायला येताना आधार कार्ड घेऊन आल्या.

तेव्हा तेलंगणात नवे जिल्हे नुकतेच झाले होते आणि मी तामसीच्या शाळेत नुकतीच लागले होते. शेजारच्या शांतामावशींचं ज्वारी राखतानाचं गाणं मी मोबाइलमध्ये घेतलं होतं, तिसरीच्या मुलांना ऐकवायला. तेवढ्यात आदिलाबादच्या प्रशिक्षणात साहेब म्हणाले, "दुसऱ्याचं गाणं वापरताना कॉपीराइट सांभाळा!"

झालं! डोळ्यांपुढे पोलीस, बेड्या, गेलेली नोकरी, रडणारे बाबा. साहेब पुढे काय बोलले, कुणाला ऐकू येतंय? घरी येऊन मी थेट परवानगीपत्रच लिहिलं आणि सकाळी शांतामावशींना सहीसाठी शाळेत बोलावलं.

"मावशी, आधार कशाला?"

"असू द्या. सरकारी कागद हाय न?"

मी 'नाही' म्हणायच्या आत मागून त्यांच्या जाऊबाई. "माहं बी गाणं लिवा!" त्यांच्यामागे चौघी. दुपारपर्यंत शाळेचा व्हरांडा गच्च! कुणाकडे रेशन कार्ड, कुणाकडे पासपोर्ट साइजचे फोटो.

"अहो, हे फक्त वर्गात वाजवायला…"

"आमाले काऊन फसवता मॅडम? जिल्हे बदलून राह्यले, योजनेची नवी यादी होऊन राह्यली. एकट्या शांतीचंच नाव काऊन?"

"शांतीचा आवाज म्हंजे फुटकं मडकं! माहं ऐका!" म्हणत एका आजींनी तिथंच सूर लावला. त्यांच्यावर दुसरीनं. वर्गातली मुलं बाहेर येऊन टाळ्या पिटायला लागली.

मुख्याध्यापक धावत आले. "मॅडम, हे कुणाच्या हुकमानं चालू आहे?"

हुकूम! आता नोकरी वाचवतील तर प्रशिक्षणातले साहेबच! फोन लावला. बिझी. पुन्हा बिझी. व्हरांड्यात चौथं गाणं सुरू, आणि फोन बिझीच! बाराव्या वेळी लागला.

"साहेब, वर्गात गाणं ऐकवायची परवानगी…"

"शिकवासाठी वर्गात ऐकवाले परवानगी लागतच नाही, मॅडम! त्या दिवशी पुढचं वाक्य तेच तर होतं. अन् तुमचा फोन लागन कसा? सकाळपासून तामसीहून माही सख्खी मावशी फोन करून राह्यली, त्या नव्या मॅडमले सांगून माहं बी गाणं यादीत घाल म्हणून! आता घ्याच तिचं नाव, नाही तं मले त्या घरी कोणी पाणी बी इचारणार नाही!"