बिनशिलाईचं कापड

शिलाईच्या दुकानात कातरण जमतं, तसेच किस्सेही जमतात. रोज झाडू मारला तरी मशीनखाली चार चिंध्या राहतातच. जवळा बाजार या गावात आमचं दुकान आहे. दोन मशीन. एकावर मी बसतो, दुसऱ्यावर माझा मोठा भाऊ रशीद बसायचा. मी त्याला भाई म्हणायचो. आता ते मशीन झाकून ठेवलंय. परवा एका गिऱ्हाइकानं त्यावर नुसता हात टेकला, तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं. त्याचं माप घ्यायचं राहूनच गेलं.

हे किस्से भाईचा हजला नंबर लागला तेव्हाचे. त्याला एकच धास्ती होती. आपल्या हातून बारीकशी चूक झाली, तर हज कबूल होणार नाही.

*

मशिदीत मौलाना हजला जाणाऱ्यांना शिकवायचे. पुरुषांनी विमानात बसण्याआधी एहराम बांधायचा, म्हणजे दोन पांढरी कापडं. एक कमरेला, एक खांद्यावर.

"दोन्ही बिनशिलाईची?" भाईनं विचारलं.

"हां."

"बटन?"

"नाही."

"नाडी?"

"तीपण नाही."

भाईनं गळ्यातली मापाची टेप काढून खिशात ठेवली. मग म्हणाला, "मौलाना, मंग तिथल्या टेलरनं खावं काय?"

*

कापड आणलं त्याच दिवशी भाईनं ते मशीनवर घेतलं आणि दोन्हींना चारी बाजूंनी पट्टी मारून टाकली. सवय! सुटे धागे दिसले की त्याचे पाय आपोआप चालायचे. शेवटचा टाका पडल्यावर लक्षात आलं. तसाच उठला आणि मशिदीत गेला.

मौलाना म्हणाले, "रशीदभाई, काठाला शिलाई चालते. अंगाच्या मापानं शिवलेलं नको, इतकंच."

"तुमच्या कुर्त्याची एक बाही लांब शिवली, तर चालते म्हनता का तुमी?"

मौलानांनी गुपचूप दोन्ही हात समोर धरून पाहिले.

भाई ब्लेड घेऊन एकेक टाका उसवायला बसला. मी म्हणालो, "दे इकडं. एका झटक्यात काढतो."

"तू हात नको लावू, छोटू. तू उसवलं की कापडच फाटतं."

मग रोज गिऱ्हाईक नसलं की तो थोडं थोडं उसवायचा.

*

एहराम बांधल्यावर वासाचा साबण चालत नाही. भाईचा शाळेपासूनचा दोस्त ज्ञानोबादादा. घरी मेंढरं, पण अर्धा दिवस आमच्या दुकानात. तो म्हणाला, साबण मी आणतो. बाजारच्या दिवशी एका दुकानात उभा राहून त्यानं एकेक साबण हुंगायला सुरुवात केली.

दुकानदार तापला. "काहून हुंगून राहिला रे?"

"बिनवासाचा पाह्यजे. अल्लाच्या घरी जायचंय."

"तुला?"

"मला न्हाई. आमच्या टेलरला."

"मंग येड्या, चांगला वासाचाच ने की!"

*

हजला निघण्याआधी सगळ्यांकडं जाऊन माफी मागायची रीत आहे. बोलण्या-चालण्यात काही चुकलं असेल तर माफ करा. भाई एका जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी गेला, हात जोडले.

"माफ केलं," तो माणूस म्हणाला. "पन माझी प्यांट?"

*

आमच्या दुकानातून कपडा कधीच टायमावर निघाला नाही. भाईचं एकच उत्तर, "उद्या या." पण हजला जाणाऱ्यानं खोटं बोलू नये, म्हणून त्यानं ते बंद केलं.

एक म्हातारे सदऱ्यासाठी आले. "कधी देतो, रशीद?"

"अल्लाला माहीत."

म्हातारे खालीच बसले. "बाबा, आधी उद्या तरी म्हनत होता रे!"

*

एक दिवस भाईनं भर दुपारी दुकानातच एहराम बांधून पाहिला. उजवा खांदा उघडा, डोक्यावर टोपी नाही. आरशासमोर मागून-पुढून फिरला.

ज्ञानोबादादा म्हणाला, "रशीद, मयताला गुंडाळतात तसं दिसून राहिलं हे."

"व्हय. तेच तर," भाई म्हणाला. "फरक इतकाच, ह्यात आपल्या पायानं जायचं."

*

जायला थोडे दिवस राहिले असताना भाई मशीनवर बसल्या बसल्या गेला. मांडीवर तेच कापड होतं.

भाभी म्हणाली, "त्यांना त्याच कापडात न्या." मौलाना हो म्हणाले. कफनाला आणखी एक कापड लागतं, ते मी दुकानातल्या ताग्यातून आणलं.

एहराम उलगडला, तर एका काठाची शिलाई अजून तशीच होती. मौलाना माझ्या कानाशी म्हणाले, "राहू दे, छोटू. चालतं."

मी ब्लेड घेऊन अंगणात बसलो. एकेक टाका काढत होतो. बाहेर सगळं गाव उभं होतं, नमाजची वेळ जवळ आली होती. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अरे, किती उशीर करून राहिले?"

ज्ञानोबादादा दारात उभा होता. मागं न बघताच म्हणाला, "थांबा जरा. रशीदच्या दुकानातून कपडा कधी टायमावर निघाला का?"

आधी मौलाना हसले. मग आतून भाभीच्या हसण्याचा आवाज आला, मग माझा.

कापड कुठंच फाटलं नाही.