खळमामांच्या अकरा नोटिसा

पालिकेच्या शिपायाला सगळे खळमामा म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी नोटिसा चिकटवायची खळ स्वतः शिजवली, पत्र्याच्या डब्यात भरली आणि दारोदार फिरवली. चार कोपऱ्यांवर बोटं, मधोमध तळहात. त्यांनी लावलेली नोटीस फाटेल, पण सुटायची नाही. “माझी नोटीस न मिळालेला एक माणूस दाखवा,” असं ते छाती काढून म्हणत, आणि तसा माणूस कुणाला दाखवता आला नव्हता.

उन्हाळा सरता सरता डोंगरावरून वणवा उतरला. वाराही त्याच्याच बाजूचा. वरच्या आळीतली अकरा घरं, पाण्याची टाकी आणि नळाची सगळी लाइन त्यानं एका दुपारात खाल्ली. माणसं तेवढी वाचली आणि शाळेच्या दोन वर्गांत येऊन राहिली. त्यांत मामांची थोरली बहीण होती, अक्का. आई गेल्यावर मामांना तिनंच वाढवलं होतं.

गावात आधी काय उभारायचं, याचा क्रम ठरवायला पालिकेनं बुधवारी सभा बोलावली. यादी शनिवारी मंजुरीसाठी जिल्ह्याला जायची होती. नोटीस प्रत्येक घराच्या दाराला लावावी, असा नियम. सोमवारी मामा डबा घेऊन वरच्या आळीत गेले. काळी जोती, वाकलेले पत्रे, एके ठिकाणी नुसतीच उभी राहिलेली चौकट. दार एकही नव्हतं. बराच वेळ ते तिथं उभे राहिले. मग अकराही नोटिसांवर ‘दार नाही’ असा शेरा लिहून त्यांनी त्या फायलीत परत लावल्या. मंगळवारी सकाळी रोजच्यासारखा चहा घेऊन ते शाळेत गेले, अक्काशेजारी बाकावर बसले, इकडचं तिकडचं बोलले. सभेचं तिला सांगावं, हे मनातही आलं नाही. नोटीस दाराला द्यायची असते, हे हातात इतकं मुरलं होतं.

सभेत अध्यक्षबाईंनी विचारलं, “सगळ्यांना नोटिसा पोचल्या ना, मामा?”

“पोचल्या,” मामा दारातून म्हणाले. एकतीस वर्षं जिभेवर बसलेलं उत्तर, ते आपसूक निघालं.

हात वर झाले. बाजाराचा रस्ता पहिला. मग दिवे, मग बागेचं कुंपण. वरच्या आळीची टाकी आठवी.

गुरुवारी चहा घेताना अक्कानं विचारलं, “काय रे, आमच्या टाकीचं कधी ठरवणार तुझी पालिका? आम्हाला बोलावणार तरी की नाही?”

मामांच्या हातातली किटली थांबली. “सभा झाली अक्का. काल.”

“मग नोटीस?”

“दार नव्हतं,” मामा पुटपुटले.

“दार नव्हतं. कपाळ होतं ना माझं? एवढं रुंद कपाळ, चारही कोपरे बसले असते की!”

वर्गातल्या बायका हसल्या. अक्का हसली नाही. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मामांना झालं.

तिथून ते तडक अध्यक्षबाईंकडे गेले. “बाई, काल मी खोटं बोललो. सभा परत घ्या.”

बाईंनी फाइल उघडली, अकरा शेरे पाहिले आणि कपाळाला हात लावला. “हे आम्हीही कुणी वाचलं नाही हो. पण परत सभा म्हणजे कारण कागदावर आलं. तुमच्या सेवापुस्तकात शेरा बसेल. चार महिने राहिलेत निवृत्तीला. नियमाचाच घोळ होता, असं लिहू या का?”

“नियम काय करील? मला त्यांचा पत्ता ठाऊक होता. रोज चहा नेतो मी तिथं.”

मग मामांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं : ‘पत्ता ठाऊक असूनही नोटीस दिली नाही.’ अक्षर त्यांचं त्यांनाच ओळखू येईना.

लगेच ते पुन्हा शाळेत गेले. डबा नव्हता. अकरा नोटिसा त्यांनी अकरा हातांत दिल्या. अक्कानं सही केली, वर बघितलं नाही.

शुक्रवारी सभा शाळेच्याच वर्गात भरली. अध्यक्षबाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मामांनी बाकांवरून नजर फिरवली, एकेक तोंड पाहिलं. जीभ उचलेना. सगळे थांबले.

“पोचल्या हो बाई,” शेवटी अक्काच म्हणाली. “घ्या पुढं.”

टाकी आठवीची दुसरी झाली. बाजारवाल्यांनी रस्ता काही सोडला नाही.

सभा उठली तरी मामा सह्यांचा कागद धरून दारातच उभे होते. जाता जाता अक्का थबकली. “उद्या चहा आणशील ना?”

मामांनी मान हलवली. तिच्याकडे बघणं काही झालं नाही.