दैत्याला द्यायचं नाव

तुमच्यासोबत रोज डबा खाणाऱ्या तिघांपैकी एकाचं नाव द्या, त्याची नोकरी जाईल, असं कुणी सांगितलं तर तुम्ही कुणाचं द्याल? आमच्या अनिकेतवर ती वेळ आली होती. तो आयटी कंपनीत टीम लीड, आणि त्या तिघांपैकी एक माझी मुलगी, प्राजक्ता.

ते सांगतेच. पण दर रविवारी ही मंडळी आमच्या विश्रांतवाडीच्या घरी खेळायला जमायची आणि मी चहा-पोहे देता देता ऐकायचे. असे किस्से साठतच जातात. आणि आधीचे ऐकल्याशिवाय शेवटचा कळायचा नाही.

*

खेळ कॉम्प्युटरवरचा नव्हे, टेबलावरचा. अनिकेत गोष्ट सांगणार, बाकीचे तिघं त्यातली पात्रं होणार, आणि फासे टाकून पुढचं ठरणार. किल्ले, जादू, दैत्य. प्राजक्ता त्यात वैद्य होती.

पहिल्याच रविवारी मी आत भजी तळत होते. बाहेरून तिचा आवाज आला, "माझं रक्त घे, पण त्याला सोड." झारा टाकून धावले, तर बाईसाहेब पोह्यांवर लिंबू पिळत होत्या. रक्त म्हणजे कागदावरचे गुण. ते दिले की जादू चालते.

खालच्या मजल्यावरचे देशपांडेकाका संध्याकाळी जिन्यात भेटले. म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे बळी देतात असं ऐकू येतं. द्या. फक्त चपला जिन्यात नकोत."

*

आमच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे. तिच्यासमोरच दैत्याशी करार चाललेला बघून प्राजक्ताचे बाबा एकदा पेपर खाली ठेवून म्हणाले, "माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली, घरातले देव सोडले. आणि तू दैत्य आणलास?"

"बाबा, आम्हीही मानत नाही," प्राजक्ता म्हणाली. "म्हणून तर खेळता येतं."

त्यांनी पेपर पुन्हा उचलला. पण त्या दिवशी पान काही उलटलं नाही, कान तिकडेच होते.

*

दुसऱ्याचं रक्त घेतलं तरी जादू चालायची. कौस्तुभ सदाशिव पेठेतला, जिभेला धार. त्यानं गोष्टीत पकडलेल्या एका पहारेकऱ्याचं रक्त घ्यायचं ठरवलं.

त्यांच्यातली तिसरी, सीमा, म्हणाली, "त्याला विचारलंस?"

"शत्रूला काय विचारायचं? अर्ज मागवू का?"

सीमा इतकी चिडली की सोमवारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वेगळ्या टेबलावर बसली. मग अनिकेतनं नियमच केला. दुसऱ्याचं रक्त घ्यायचं असेल तर त्याच्याकडे बघून त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं.

पहारेकऱ्याला नावच नव्हतं. कौस्तुभनं वैतागून ठेवलं, "बबन." आणि नाव ठेवल्यावर त्याला मारवेना. बबन कित्येक महिने यांचं सामान वाहत हिंडला. कौस्तुभ आल्या आल्या विचारायचा, "काकू, बबनचा चहा ठेवलात ना?"

*

एका रविवारी अनिकेतचा घसा बसला होता. दैत्याचं बोलणं मला वाचायला सांगितलं. मी कागद हातात घेतला, पण समोर तिघं दमून बसलेली. तोंडातून निघालं, "बाळांनो, जेवलात का आधी?"

कौस्तुभ म्हणाला, "असा दैत्य असेल तर आत्ता सही करतो."

अनिकेत बसक्या आवाजात म्हणाला, "सगळे करार असेच होतात. आधी जेवायला घालतात."

*

अनिकेत एकटा राहायचा, म्हणून उरलेलं मी त्याला डब्यात द्यायचे. पहिल्यांदा त्यानं डबा घासून, रिकामा परत आणला. मी म्हटलं, "रिकामा डबा परत देत नाहीत रे. चमचाभर साखर तरी घालावी."

"हा पण करारच की, काकू."

तरी पुढच्या रविवारी विसरलाच. मग दर वेळी विसरायचा, आणि मी दर वेळी बोलून दाखवायचे.

*

मग अमेरिकेत मंदी आली आणि इथं हिंजवडीत माणसं कमी व्हायला लागली. त्या रविवारी अनिकेत बाकीच्यांच्या आधी आला आणि थेट स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

"काकू, उद्या सकाळी टीममधलं एक नाव द्यायचंय. त्यांना माहीत नाही. सांगू नका."

कौस्तुभचं लग्न ठरलेलं. सीमाच्या पगारावर तिचा भाऊ शिकत होता. आमच्या फ्लॅटचं कर्ज प्राजक्ताच्या नावावर. 'माझी सोडून' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी कांदा चिरत राहिले.

खेळ सुरू झाला. पुलावर दैत्य उभा. अनिकेत सांगत होता, "पुढं जायचं तर एक नाव द्या. तो इथंच राहील."

"बबन," कौस्तुभ लगेच म्हणाला. दोघी हसल्या.

अनिकेत हसला नाही. "बबन चालणार नाही. तुमच्यातलंच एक."

"मग माझं घे," प्राजक्ता बशी पुढं ओढत म्हणाली. "तसंही माझं रक्त संपत आलंय. घे नाव."

नियमाप्रमाणे त्यानं तिच्याकडे बघून नाव घ्यायचं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी दारात ट्रे घेऊन उभी होते. तो टेबलावर ठेवला.

"बोल की," कौस्तुभ म्हणाला. "तुझं काय जातंय?"

तेवढ्यात सीमा म्हणाली, "थांबा. नाव दैत्याचंच दिलं तर?"

अनिकेत फासे हातात घोळवत राहिला. मग म्हणाला, "नियमात त्याला मनाई नाही." आणि फासे डबीत भरले. "आज इथंच थांबू."

जाताना मी त्याला भात आणि आमटी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राजक्ता, कौस्तुभ आणि सीमा नेहमीच्या कंपनीच्या बसनं ऑफिसला गेले. त्यानंतर तासाभरानं अनिकेत डबा परत द्यायला आला. म्हणाला, "दैत्याचं नाव पाठवून दिलं, काकू." डब्यात साखर होती.