केकवरची मेणबत्ती

वितळत्या मेणाचा वास आला की हैदराबादच्या त्या मोठ्या हॉटेलातलं जेवण आठवतं. लग्न नवंच होतं. त्याच शहरातल्या बरकतपुऱ्यातल्या भरल्या घरातून सुटून दोन दिवस आम्ही दोघंच तिथं राहायला गेलो होतो. बिर्याणी संपताच, नवं जोडपं म्हणून वेटरनं न मागवलेला केक आणला, त्यावरची मेणबत्ती पेटवली आणि टाळ्या वाजवत म्हणाला, "फूंको साब, शरमाओ नक्को!" मी गाल फुगवले, तोच बायकोनं ज्योतीला हाताचा आडोसा केला. "अहो, बुद्धांपुढं लावतो आपण मेणबत्ती. फुंकता कशी?" म्हणत तिनं हात जोडले. टाळ्या थांबल्या. वेटर माझ्याकडे, मी तिच्याकडे बघत राहिलो. फुंकावं की हात जोडावेत, काही उमजेना. परवा मुलीच्या वाढदिवसाला हीच टाळ्या वाजवत "फुंक, फुंक" म्हणत होती, आणि माझे हात मात्र आपोआप जुळले.