भाऊजींचं तळं आणि गावभर गेलेली माती

आमच्या ह्यांच्या डोक्यात मत्स्यतळ्याचं खूळ शिरलंय. शिरूरकडच्या जमिनीत खड्डा खणायचा, पाणी भरायचं, मासे सोडायचे, की झालं! व्हिडिओ पाहून पाहून माणूस अर्धा मत्स्यतज्ज्ञ झालाय. शेवटी मीच म्हटलं, आपलं खणण्याआधी कुणाचं तरी खणलेलं बघून येऊ द्या. माझी मावसबहीण शोभाताई भंडारा जिल्ह्यात दिलीय, पवनी तालुक्यातल्या आसगावला. तिच्याकडे याच उन्हाळ्यात धानाच्या शेतात तळं झालेलं. फोनवर तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, म्हणाले, "ये ना मीना, माशाचं बीज सोडाच्या दिवशीच ये. तुयाच हातानं सोडू." ह्यांना सुट्टी नव्हती, म्हणून मी एकटीच निघाले. ही पोस्ट नेहमीसारखी हसरी नाही, आधीच सांगते.

पुण्याहून रात्रीच्या रेल्वेनं नागपूर. सकाळी स्टँडबाहेर तर्री पोहे खाल्ले, डोळ्यांतून पाणी आलं, पण उतारूंनो, ते चुकवू नका. तिथून उमरेड, भिवापूरमार्गे पवनीची एसटी मिळते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे जागेसाठी रुमाल टाकायची तयारी ठेवा. भिवापूरनंतर दोन्ही बाजूंना धानच धान. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, नुकताच आटोपला होता. आभाळ चार दिवस तसंच काळं बसलेलं म्हणे, ना धड पडत होतं ना उघडत होतं. पवनीहून रिक्षा करून आसगावला पोचले तेव्हा ताई दारातच उभी होती. मिठी मारली, पण हसली नाही. मी म्हटलं, प्रवासानं मी दमलेय, मलाच तसं वाटत असेल.

चहा झाल्याबरोबर भाऊजींनी मला शेतात नेलं. या भागाला चौरास म्हणतात. काळी, चिकट, भारी जमीन. इथल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, धुऱ्यांनी (बांधांनी) अडलेलं पाणी महिनोन्‌महिने हलत नाही. तळं बघून मी खरंच खूश झाले. रेघ मारल्यासारखं चौकोनी. भोवतीची मातीची पाळ एवढी रुंद की जाळं खांद्यावर टाकून दोघं शेजारी-शेजारी चालतील. आतले काठ उभे नाहीत, एक फूट खोलीला दोन फूट उतार, म्हणजे ढासळत नाहीत. पाणी येतं त्या पाइपाला बारीक जाळी, जाणाऱ्यालाही जाळी. मी फोटो काढत सुटले. मग लक्षात आलं, एवढ्या मोठ्या तळ्यात पाणी गुडघाभरच आहे, आणि मोटर सुरू आहे.

"अजून भरताय का?" मी विचारलं.

"भरूनच राहिलो," भाऊजी म्हणाले. "पंधरा दिवस झाले."

मग ते पाळीवरचं गवत उपटत बसले.

घरी भात, वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी होती. भाऊजी जेवून शेजारी गेले आणि ताईचा बांध फुटला. तळं खणायच्या आधी तालुक्याहून एक साहेब येऊन सगळं नीट सांगून गेले होते. वरची काळी माती वेगळी काढा, एका बाजूला ढीग करून ठेवा, कारण खाली वाळू आहे. खड्डा झाला की तीच माती तळाला पसरा, पाणी मारा, तुडवा, मगच तळं पाणी धरील. भाऊजींनी तसंच केलं. जेसीबीवाल्याच्या उरावर उभं राहून मातीचा डोंगर लावून घेतला.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय व! शेजारचे वासुदेवभाऊ ट्रॅक्टर घेऊन आले. इथं तलावातला गाळ निघाला का सारेच नेतेत आपल्या बांधीत टाकाले. कोनी कोनाले नाई म्हनत नाई. आमीबी नेलाच आहे दर साली. त्याइले वाटलं, हाबी तसाच गाळ. एकाच्या मांगं दुसरा आला. मी म्हनत होती, थोडी तं ठेवा. तं हे म्हनते, आलेल्या मानसाले मातीसाठी नाई म्हनू का?"

आठवडाभरात डोंगर संपला. उरलेली माती तळाला बोटभरही झाली नाही. भाऊजींना वाटलं, आपलीच बांधी आहे, आजोबांपासून पाणी धरतेय, धरेल. पण जी धरत होती ती माती तर गावभर गेली होती. ते तळं त्यांच्या सगळ्यात चांगल्या बांधीत खणलंय. घरच्या खाण्याचा तांदूळ तिथंच व्हायचा. आता तिथं धानही होणार नाही. मला इतका राग आला भाऊजींचा! 

दुसऱ्या दिवशी सकाळी बीजवाल्याची गाडी आली. प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्यांत रोहू, कटला, मृगळची बोटाएवढी पिल्लं. रात्रभर मोटर चालली तरी पाणी मांडीला लागेना. ताई म्हणाली, "अजूनबी मांगा माती. वासुदेवभाऊले म्हना, दहा ट्रॅक्टर तरी वापस द्या."

"रोवणा झाला त्याचा," भाऊजी म्हणाले. "उभ्या धानात ट्रॅक्टर घालू का?"

"मंग आपलं काय?"

 भाऊजी गाडीवाल्याकडे वळले आणि म्हणाले, "गावतलावावर घे गा. तिथंच सोडू. कोनाच्या पोटात तं जातीन." ताई तिथून सरळ घरी निघून गेली. पहिली पिशवी भाऊजींनी माझ्याच हाती दिली, कबूल केलं होतं ना! पिशवी आधी पाण्यात तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी एकसारखं झालं की तोंड सोडायचं. पिल्लं सरसर निघून गेली. काठावरचे लोक वा वा करत होते. भाऊजीही हसले, आणि मला ते हसणं बघवेना.

ठरवलं होतं पवनीची जुनी देवळं आणि वैनगंगेचा घाट बघायचा. तुम्ही जरूर बघा. मी स्टँडवर बसून राहिले आणि मिळेल त्या एसटीनं नागपूर गाठलं.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे माती बाजूला ठेवायची आणि कुणाला द्यायची नाही, एवढंच ना?" तळं करणाऱ्या वाचकांनो, हो, एवढंच. ह्यांना ते जमेल. आमच्या जमिनीशेजारी कोण राहतं ते आम्हाला ठाऊकसुद्धा नाही.

परवा ताईचा फोन आला. मोठा पाऊस झाला, तळं काठोकाठ भरलं, आणि चार-पाच दिवसांत तळ दिसला. मोटर आता बंदच आहे. भाऊजी कसे आहेत, मी विचारलं.

"संध्याकाळचे जातेत वासुदेवभाऊच्या शेतावर," ताई म्हणाली. "धुऱ्यावर बसून धान पाहात राहतेत. घरी येऊन मले सांगतेत, भलकसा जोरात आला व यंदा. आपली माती लयच चांगली होती."