डबा रिकामा द्यायचा नसतो

दोह्याचा उन्हाळा आला की आम्ही सगळे गावी पळायचो. आमच्या खालच्या पोर्शनमधल्या म्हाताऱ्या इंग्लिश जोडप्याचं मात्र सगळंच उलटं. ते नोव्हेंबरात यायचे आणि एप्रिलचं ऊन चटके देऊ लागलं की परत जायचे. अल मुंतझा भागातला तो जुना व्हिला मालकाने भिंती घालून भाड्याने दिला होता. वर मी आणि माझा नवरा, खाली ते दोघं. त्यांचा मुलगा गॅस कंपनीत होता, उत्तरेकडे साइटवरच्या बॅचलर क्वार्टरमध्ये राहायचा आणि शुक्रवारी आईबापाला भेटायला यायचा. व्हिसा त्याचा, भाडंही त्याचंच. पण खाणंपिणं, औषधं, टॅक्सी, हे सगळं म्हातारीच्या हट्टापायी त्यांच्या पेन्शनीतून. मुलाच्या जिवावर जेवायचं नाही, हा तिचा कायदा होता.

हा सगळा खटाटोप म्हाताऱ्याच्या छातीसाठी. तिकडच्या थंडीत त्याचा दमा उसळायचा, आणि घर गरम ठेवायचं म्हटलं तर पेन्शन त्या बिलातच जायची. इथे वीजपाणी भाड्यात धरलेलं. अंगणात खुर्ची टाकून तो सकाळभर उन्हात बसायचा, आणि थोड्याच दिवसांत त्याचा खोकला वरच्या मजल्यावर ऐकू येईनासा व्हायचा. एप्रिलपर्यंत इथे टिकलं की त्याचा हिवाळा निभावला. दोघांचं सगळं लक्ष तेवढ्यावरच असायचं.

मी त्यांना अंकल-आंटी म्हणू लागले. म्हातारी ताठपणे म्हणाली, "मी तुझी आंटी कशी?" म्हटलं, "आमच्या वसईत पांढरे केस दिसले की नातं विचारत बसत नाहीत." ती हसली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून हाकेला ओ द्यायला लागली.

एकदा मी हमूर माशाचं कालवण केलं, तिखट बेताचं, आणि डबा खाली नेऊन दिला. संध्याकाळी आंटी डबा घासूनपुसून लख्ख करून घेऊन आली. उघडून बघते तर आत काहीच नाही! मी म्हटलं, "अहो आंटी, आमच्यात डबा रिकामा परत द्यायचा नसतो." मी आपली थट्टा करत होते. पण तिने मान अशी डोलावली की जणू ट्रॅफिकचा नियम ऐकतेय.

पुढच्या डब्यात लोण्याची बिस्किटं आली. त्याच्या पुढच्या डब्यात चीज. मग संत्र्याचा मुरंबा, तोही त्यांच्या देशाचा. आता मी का मागे राहतेय? तिने बिस्किटं दिली की माझा केक खाली जायचा, तिने मुरंबा दिला की माझं कोंबडीचं इंदाल. नवरा म्हणायचा, "अगं, आवर. तुम्हा दोघींची लढाई जुंपलीय." मी म्हणायचे, "तुला आयतं मिळतंय ना? मग गिळ गुपचूप." खरं सांगायचं तर मला फार आवडायचं ते. परक्या देशात खालून वर, वरून खाली डबा फिरतोय म्हणजे शेजार जमला, असं वाटायचं.

आणि जानेवारीत आंटी वर आली ती उभ्या उभ्याच म्हणाली, "आम्ही पुढच्या महिन्यात परत चाललो."

"फेब्रुवारीत? अंकलच्या छातीचं काय?"

"पैसे पुरत नाहीत. यंदा खर्च माझ्या अंदाजाबाहेर गेलाय."

"मग मुलाला सांगा ना!"

"नाही," ती म्हणाली. खलास, विषय संपला. माझं डोकंच सणकलं. काय हट्टी बाई आहे ही! नवरा तिकडे गारठून धापा टाकणार आणि ही आपला कायदा सांभाळत बसणार. रागारागाने मी त्या दिवशी दुप्पट पुलाव केला आणि मोठा डबा भरून खाली पाठवला.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमधली माझी ड्यूटी संपवून सुपरमार्केटमध्ये गेले, तर समोर आंटी. तिची माझ्याकडे पाठ होती. तिच्या एका हातात अंड्यांचा ट्रे होता, दुसऱ्या हातात बिस्किटांचा तो महागडा पत्र्याचा डबा. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग तिने अंडी परत फडताळावर ठेवली आणि बिस्किटं बास्केटमध्ये टाकली.

"अगं बाई, काय करतेस हे!" मी तिथेच ओरडले, ते मराठीत. चारदोन माणसं वळून बघायला लागली. मराठी तिला कळलं नाही, पण चोरी पकडली गेल्याचं कळलं. ती लाल झाली. "तूच म्हणाली होतीस," ती म्हणाली, "रिकामा द्यायचा नसतो."

"अहो, साखर टाकतात, आंटी! चिमूटभर साखर! नाहीतर दोन मिरच्या टाका, काहीही टाका!"

"साखर चालते?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "हे मला कुणी सांगितलंच नाही."

मला हसू फुटलं आणि त्यातच रडूही. तीही हसायला लागली, बास्केट खाली ठेवून, डोळे पुसत. पण लगेच ताठ झाली. "आता डबे बंद. चिमूटभर साखर देऊन तुझं जेवण घेणं मला जमायचं नाही."

"मग डबाच नको," मी म्हटलं, "चूल एक करू." तिला समजावलं, की चूल एक म्हणजे घर एक, मग कोण कुणाला देतंय हा प्रश्नच उरत नाही. तिने जरा विचार केला. "कांदे-बटाटे माझे?" "तुमचे. आणि ते सोलायचेही तुम्हीच." मग तिने अंडी उचलली आणि बिस्किटं परत ठेवली.

ते राहिले. मी क्लिनिकमधून दुपारी येईपर्यंत आंटीचं सोलून, चिरून तयार असायचं. अंकल जेवायला जिना चढताना सुरुवातीला मधे थांबायचे. मार्चमध्ये न थांबता वर यायला लागले, आणि आल्या आल्या आम्हालाच म्हणायचे, "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, आटपा.

एका शुक्रवारी मुलगा लवकर आला. खाली कुणी नाही म्हणून वर आला, तर त्याची आई माझ्या ओट्याशी कांदा चिरत होती. अंकलनी भोळेपणाने सगळी हकिगत सांगून टाकली. तो उंचापुरा माणूस दारातच थबकला. "मला का नाही सांगितलंस? मी काय नाही म्हणालो असतो?"

आंटी मान वर न करता म्हणाली, "नाही म्हणाला नसतास. म्हणून तर नाही सांगितलं."

तो ताट पुढ्यात घेऊन बसला, आणि बराच वेळ नुसता भात चिवडत राहिला. मीही तेच करत होते.

जेवणं उरकल्यावर मी वसईला आईला फोन लावला. "जेवलीस?"

"जेवले गं. माझं सगळं बरं आहे. तू पैसे नको पाठवूस, तुम्हाला तिकडे लागतात."

दर शुक्रवारी ती हेच सांगायची, आणि मी बरं म्हणून फोन ठेवायचे. त्या दिवशी मी विचारलं, "काय जेवलीस ते सांग."

आई हळूच म्हणाली, "नुसती पेज."