मुद्देमालातल्या माश्या

आमच्या ह्यांच्यासारखा नियमाचा माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही. शेतातल्या पाणंदीनं, जिथं समोरून फार तर एखादी म्हैस येईल, तिथंही हे हेल्मेट घालून गाडी चालवतात. रेशनच्या रांगेत कुणी "राजपाल, या पुढं" म्हटलं तरी जागचे हलायचे नाहीत आणि दुकान बंद झालं की रिकामी पिशवी घेऊन घरी यायचे. मी अंगणवाडी सेविका. चाळीस पोरांवर ओरडून माझा घसा बसतो, पण घरातल्या या एका मोठ्या पोरापुढं मी कधीच हात टेकलेत. आणि हाच माणूस पोलीस ठाण्यातलं सील फोडून आरोपी झाला. कसा झाला ते सांगते. ठाण्याचं नाव तेवढं विचारू नका, तारखा अजून चालू आहेत.

आम्हाला जमीन नाही. सासरे ऊसतोडीला जायचे, हेही दहा वर्षं ढोकीच्या साखर कारखान्याकडं ट्रॅक्टरवर ऊस भरायला होते. मग एकदा कुठंतरी दहा दिवसांचं मधमाश्या पाळायचं शिक्षण घेऊन आले आणि मला म्हणाले, "दीक्षा, या धंद्याला सातबारा लागत नाही. फुलं दुसऱ्याच्या रानात, माश्या आपल्या." मी म्हटलं, "वा! नोकर ठेवायचे तेही डंख मारणारे." दोन पेट्यांच्या आठ वर्षांत अकरा झाल्या. तुरीच्या रानातून करडईच्या, करडईतून उन्हाळी सूर्यफुलाच्या, अशा आमच्या पेट्या सदा फिरतीवर. गावात सूर्यफूल करणाऱ्या ईरण्णाकाकांनी पहिल्या साली हाकलून लावलं होतं, माश्या फुलातला रस पितील आन्‌ दाणा भरायचा न्हाय म्हणून. दुसऱ्या साली शेजाऱ्याचं पीक बघून स्वतः बोलवायला आले.

पेट्या हलवायच्या त्या अंधारात. दिवस मावळला की सगळ्या माश्या घरी येतात. मग पेटीचं दार लावायचं, टेम्पोत चढवायची आणि उजाडायच्या आत नव्या रानात उतरवून दार उघडायचं. उशीर झाला तर आत घुसमटून मरतात. हे काम धुळाप्पाच्या टेम्पोनं व्हायचं. दोन वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्लेला माणूस, मला वैनी म्हणायचा. दार कसं लावायचं, पेटी कशी धरायची, सगळं ह्यांनीच त्याला शिकवलं. आणि त्या मेल्यानं एप्रिलातल्या एका शुक्रवारी ईरण्णाकाकांच्या सूर्यफुलातून आमच्या अकराच्या अकरा पेट्या उचलल्या. मध पुरता भरला होता, रविवारी आम्ही काढणार होतो. हे त्याला माहीत होतं, कारण सांगितलं आम्हीच.

जयंतीच्या बंदोबस्तासाठी हायवेवर नाकाबंदी होती, तिथं तो शनिवारी पहाटे सापडला. प्रत्येक पेटीवर ह्यांचं नाव आणि मोबाईल नंबर रंगवलेला. ठाण्यातून फोन आला तसे आम्ही दोघं गाडीवर पळालो. धुळाप्पानं ह्यांचे पायच धरले. "भाऊ, चुकलो. सांगाल तिथं पेट्या उतरवून देतो. विषय मिटवा."

मी ह्यांना बाजूला घेतलं. "अहो, पेट्या जशाच्या तशा आहेत. घ्या आणि चला. याला आपण गावात बघून घेऊ."

"दीक्षा, आज सोडला तर उद्या दुसऱ्या कुणाच्या नेईल. जे व्हायचं ते कायद्यानं होऊ दे."

झालं! बाकावर बसून सुवाच्य अक्षरात तीन पानं फिर्याद लिहून दिली. ठाण्यातले शिवानंद हवालदार, नऊ महिन्यांनी रिटायर होणारे, चांगले आहेत, ते कागद वाचून म्हणाले, "राजपालभाऊ, अक्षर लई देखणं हाय हो तुमचं." हे खूश. मी मनात म्हटलं, अक्षराचं लोणचं घाला.

मग साहेब आले. त्यांनी पंच बोलावले, पंचनामा केला. प्रत्येक पेटीच्या दारावर कागदाची पट्टी चिकटवली, सह्या घेतल्या, वर लाखेचं सील ठोकलं आणि अकराही पेट्या मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवायला सांगितल्या. हे पुढं झाले. "साहेब, आत जीव आहेत. दारं उघडायला पाहिजेत."

"आत मध आहे ना? चोरीचा मुद्देमाल आहे तो. कोर्टाचा आदेश आणा आणि घेऊन जा."

"आजच आणतो."

"आज दुसरा शनिवार. उद्या रविवार. सोमवारी जयंती. मंगळवारी या." एवढं बोलून साहेब बंदोबस्ताला निघून गेले.

बाहेर ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं, आणि पत्र्याखाली त्या अकरा पेट्या तोंड बांधून बसलेल्या. तिकडं आमच्या वस्तीत निळ्या पताका लागत होत्या. दर वर्षी जयंतीला संविधानाची प्रस्तावना हेच वाचतात, त्यासाठी पोरांचे फोनावर फोन. हे प्रत्येकाला "बघतो" एवढंच म्हणायचे.

ओळखीच्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, सुट्टीतले न्यायाधीश असतात, पण ते आरोपी हजर करण्यापुरते, पेट्यांचा अर्ज मंगळवारशिवाय कुणी घ्यायचं नाही. म्हणजे बघा, चोराला चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करायचा नियम आहे, माश्यांसाठी काही नाही. धुळाप्पा आत पंख्याखाली बसून चहात बिस्कीट बुडवत होता. माझा इतका संताप झाला की जाऊन तो कप त्याच्या डोक्यावर ओतावासा वाटला.

"अजून घ्या कायद्यानं," मी ह्यांना म्हटलं. बोलले आणि लगेच वाईट वाटलं. ते पायरीवर बसून नुसते त्या खोलीच्या कुलपाकडं बघत राहिले.

शिवानंद हवालदारांना दया आली. म्हणाले, "सील तेवढं मागू नका. ते मोडलं तर माझं पेन्शन अडकंल. पण वरून पाणी मारायचं असलं तर मारा." त्यांनी किल्ली काढून दिली. आम्ही चहाच्या टपरीवरून पोती मागून आणली, भिजवून पेट्यांवर टाकली. झाकणाला जाळीची बारकी भोकं असतात, तेवढीच काय ती हवा. अर्ध्या अर्ध्या तासानं पोती पुन्हा भिजवायची, किल्ली परत द्यायची, पुन्हा मागायची. दरवेळी हे प्रत्येक पेटीला कान लावायचे. आतल्या सगळ्या माश्या पंख हलवून घर गार करत होत्या, त्याचा घुं घुं आवाज. मलाही ऐकायला लावलं. जात्याची घरघर भिंतीपलीकडून यावी तसा आवाज होता.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ह्यांनी ताटाला हात लावला नाही. मी म्हटलं, "एवढं वाटतंय तर फोडा ना ते सील. तुमच्याच पेट्या आहेत."

"सील सरकारचं आहे." मग ताट बाजूला सारून म्हणाले, "आणि मी फोडलं तर धुळाप्पाचा वकील म्हणेल, फिर्यादीनंच पुराव्यात हात घातला. तो सुटेल आणि मी अडकेन."

"आणि नाही फोडलं तर?"

ते उठून अंगणात गेले आणि पेट्यांसाठी रचलेल्या रिकाम्या विटांवर बसून राहिले.

रविवारी दिवस उगवायला आम्ही पुन्हा ठाण्यात. तिसऱ्या पेटीचा आवाज बंद झाला होता. ह्यांनी कान लावला, पेटीवर बोटानं टकटक केलं, पुन्हा कान लावला. हवालदारांनी साहेबांना चार वेळा फोन केला. तीन वेळा लागला नाही. चौथ्यांदा लागला तेव्हा साहेब एवढंच म्हणाले, "माश्यांसाठी फोन करू नका." अकराच्या सुमाराला पाचवी पेटी गप्प झाली.

बारा वाजता पोती भिजवायला म्हणून आम्ही कुलूप काढलं, तर फरशीवरून मध वाहत होता. उन्हानं मेण मऊ झालं होतं, मधाच्या वजनानं आतली पोळी तुटून पडली होती आणि दाराच्या फटीतून मध गळत होता. त्या मधात माश्या होत्या. पंख चिकटलेल्या, काहींचे पाय अजून हलत होते. वर्षभराची कमाई माझ्या चपलेखाली होती, पण खरं सांगते, मला त्या पायांकडं बघवेना.

हे गुडघ्यावर बसले. बोटानं एक माशी उचलली, तळहातावर ठेवली. मग खिशातून पेटी उघडायची लोखंडी पट्टी काढली आणि पहिल्या पेटीवरचं सील फोडलं. लाख कडकन्‌ तुटली. मी "अहो!" म्हणेपर्यंत दुसरं, तिसरं. अकराही फोडली.

"दीक्षा, धर त्या बाजूनं. लिंबाखाली नेऊ."

मी धरलं. एकेक पेटी आम्ही दोघांनी आवारातल्या लिंबाच्या सावलीत नेली. माश्या अशा उसळल्या की बंदोबस्तावरून आलेले दोन शिपाई जीपमध्ये शिरून काचा वर करून बसले. माझ्या गालाला दोन डंख, ह्यांच्या हातांना किती ते विचारूच नका. पाच पेट्या जिवंत निघाल्या. उरलेल्यांत नुसता मध, मेण आणि माश्या यांचा लगदा. त्यातल्या एका पेटीत राणीमाशी सापडली, तिच्याभोवती बाकीच्या दाटून मेलेल्या. ते बघून हे तोंडावर हात घेऊन रडले. लग्नाला बारा वर्षं झाली, मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं.

शिवानंद हवालदार आले. फुटलेली लाख बघितली आणि जागीच बसले. म्हणाले, "काय केलंत हो! किल्ली मी दिलती तुम्हाला." मग जरा सावरून, हळू आवाजात, "असं करू. उन्हानं लाख वितळली, पट्ट्या आपोआप सुटल्या, असं लिहितो. एवढं ऊन हाय, कुणालाबी पटंल."

माझ्या जिवात जीव आला. मी म्हटलं, "लिहा, दादा, लिहा. तसंच झालं."

"नाही," हे म्हणाले. "लाख वितळली नाही, मी फोडली. उद्या विचारतील, सील सुटलं तेव्हा खोलीची किल्ली कुणाकडं होती? मग तुमचं पेन्शन जाईल. मी फोडलं, तुमच्या नकळत फोडलं. तसं लिहून घ्या."

"अहो, धुळाप्पा सुटेल!" मी ओरडले. "चोर घरी आणि तुम्ही आत?"

"सुटू दे."

हवालदारांनी कागद ओढला. पेनाचं टोपण काढलं. मग माझ्याकडं वळले. "ताई, सील फुटताना तिथं तुमच्याबिगर कुणी नव्हतं. साक्षीदार म्हणून तुमचाच जबाब घ्यावा लागंल. काय बघितलं तुम्ही?"

'वितळली' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो म्हटला की नवरा वाचत होता आणि समोरचा म्हातारा हवालदार अडकत होता. नाही म्हटला तर नवऱ्यावर बोट माझंच. हे माझ्याकडं बघत नव्हते. सुजलेल्या बोटांनी वाचलेल्या एका पेटीच्या तोंडाशी पाण्याचं फडकं ठेवत होते. असा राग आला त्यांचा, आणि त्याच वेळी असं भरून आलं की काय सांगू.

"लिहा," मी म्हटलं. "दीक्षा राजपाल सरवदे, वय चौतीस, अंगणवाडी सेविका. माझ्या नवऱ्यानं माझ्यासमोर अकरा सीलं फोडली."

हवालदार लिहीत गेले.

"थांबा, झालं नाही अजून. पुढं लिहा, पेट्या मीसुद्धा उचलू लागले."

त्यांचं पेन थांबलं. "ताई, मग तुम्हीबी आरोपी व्हता. अंगणवाडीची नोकरी जाईल तुमची."

तेव्हा कुठं ह्यांनी मान वर केली. "दीक्षा, असं नको. तुझं नाव—"

"गप बसा तुम्ही," मी म्हटलं. "खरंच लिहायचंय ना? मग सगळं लिहू द्या त्यांना."